पेशंटचा सातबारा

"काका, मी शिंदखेडा तालुक्यातली. बीएस्सी नर्सिंग झाल्यावर तीन वर्षं धडगाव तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी होते. दिवसा ओपीडी, रात्री पोर्टल. रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन एंट्री करायची. एवढं सगळं भरतो ते वाचतं कोण, हा प्रश्न डोक्यात बसला आणि राजीनामा देऊन पुण्याला हेल्थ इन्फर्मॅटिक्सच्या एमएस्सीला आले. सध्या दुसरं सेमिस्टर. वर्गात निम्मे बीडीएस-बीएएमएस डॉक्टर, निम्मे इंजिनिअर. पायथॉनच्या तासाला मी नुसती मान डोलावते. कर्ज सव्वाचार लाखांचं. एक मेडिकल कोडिंग कंपनी महिना २२ हजार देते म्हणते, पण लगेच रुजू व्हायचं. धुळ्यातला एक कन्सल्टंट म्हणतो, हे सोड, अमेरिकेत कर, ३५ लाखांत सगळं बसवून देतो. घरी स्थळं बघताहेत आणि बायोडेटात शिक्षण काय लिहायचं यावरून वाद. वडील कापूस करतात. परवा फोनवर म्हणाले, 'ना तू डॉक्टर, ना तू इंजिनेर. मंग तू शेस तरी काय?' मला उत्तर देता आलं नाही. मी चुकले का?"

पोरी, वडिलांच्या प्रश्नापासूनच सुरू करतो. बाकीचे प्रश्न त्याच्या पोटातले आहेत.

त्यांना सातबाऱ्याची आठवण करून दे. वारसाचं नाव लागायचं राहिलं, क्षेत्र चुकलं, कापसाच्या जागी पीकपाहणीत भलतंच पीक पडलं, की काय होतं ते त्यांना कोणी शिकवायला नको. शेत जागच्या जागी असतं, कापूसही उभा असतो. पण पीककर्ज अडतं, विमा अडतो, अनुदान येत नाही आणि तहसीलच्या चकरा सुरू होतात. पेशंटचंही तसंच. आजार अंगात असतो, औषधही गोदामात असतं, पण या माणसाला हा आजार आहे, ही गोळी चालू आहे, ही सोसत नाही, एवढं लिहिलेला कागद त्याच्याबरोबर धडगावहून नंदुरबारला आणि नंदुरबारहून सुरतेला जात नाही. दर दवाखान्यात पहिल्यापासून रामायण. तो कागद बरोबर लागावा, बरोबर माणसाच्या नावावर लागावा आणि जिथे हवा तिथे उघडावा, हे बघणारं माणूस म्हणजे तू. "मी पेशंटचा सातबारा नीट करायला शिकतेय," एवढं सांग. वडील लगेच विचारतील, "म्हणजे तलाठी?" हो म्हण. हसतील तरी.

उपमा फार ताणू नकोस मात्र. सातबारा कोणीही ऑनलाइन काढून बघू शकतं, पेशंटचा बघू शकत नाही आणि बघू नये. त्यावर माझी एक जुनी चूक आहे, पुढे सांगतो.

आता तुझं मान डोलावणं. वर्गातला इंजिनिअर पायथॉनमध्ये दहा हजार नोंदींचा आलेख पाच मिनिटांत काढेल. त्यात रक्तदाबाचा आकडा १२०/८० च्या जागी डोंगरासारखा उभा राहिलेला दिसेल आणि तो म्हणेल, "वा, या तालुक्याची तब्येत ठणठणीत आहे." डॉक्टर म्हणेल, हे शक्य नाही, डेटा खराब आहे. पण तो का खराब आहे हे त्या वर्गात एकट्या तुला माहीत आहे. मशीनचे सेल संपले होते, नवे कोणाच्या पैशातून आणायचे हे ठरत नव्हतं, ओपीडीला रांग होती आणि रकाना रिकामा ठेवला तर ॲप पुढे सरकत नव्हतं. शिवाय सीएचओच्या पगाराचा एक भाग कामाच्या निर्देशकांवर ठरतो. म्हणजे आकडा लिहिणाऱ्याच्या घरचं रेशन त्याच आकड्यावर अवलंबून. तू तसं केलंस असं मी म्हणत नाही. पण तो रकाना भरताना हात कसा वळतो हे तू पाहिलं आहेस. ते पुस्तकात सापडत नाही.

अशा गोष्टी तुझ्याकडे पोतंभर असणार. पत्रात तू एकही लिहिली नाहीस, यावरून तुला त्यांची किंमत माहीत नाही असं दिसतं, म्हणून दोन-तीन मीच काढतो. मासिक अहवालात हिवतापाचा रकाना रिकामा असेल तर रुग्ण नव्हता, की रक्तनमुने तपासलेच नाहीत? शून्य आणि रिकामा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि वरच्या कार्यालयात बेरीज करताना दोन्ही सारखेच होतात. एका पाड्यावर चार बायका एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या. त्यात वसावे इंग्रजीत एकाने व्हीने लिहिलं, दुसऱ्याने डब्ल्यूने. जन्मतारीख माहीत नाही म्हणून सगळ्यांची १ जानेवारी. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं, पोर तिकडे जन्मलं, लस एक इकडे, दोन तिकडे. बाळंतपणाला बाई माहेरी गेली, मग ती दोन्ही उपकेंद्रांच्या यादीत, किंवा एकाच्याही नाही. या घोळाला अभ्यासक्रमात पेशंट मॅचिंग, डुप्लिकेशन, डेटा क्वालिटी अशी भारदस्त नावं आहेत. तू तीन वर्षं त्याचं प्रात्यक्षिक करून आली आहेस.

योगायोग बघ. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला तुझ्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतर अकरा वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२१ ला, आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि आरोग्याच्या नोंदींसाठीचा चौदा आकडी आभा नंबर आला. आभाची कार्डं तूही काढली असशील, टार्गेटच असतं. पण नंबर काढला म्हणजे सातबारा तयार झाला असं नाही. नंबर हा फक्त गट क्रमांक. त्यावर नोंदी चढल्या का, त्या दुसऱ्या दवाखान्यात उघडतात का, आणि पेशंटच्या संमतीनेच उघडतात का, हे पुढचं काम अजून चालू आहे. ते करायला तुझ्यासारखी माणसं लागणार.

आता माझी चूक. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नोंदणीचं सॉफ्टवेअर बसवत होतो. नाव सांगत नाही, त्यांचा दोष नव्हता. नोंदणीच्या फॉर्मवर मोबाइल नंबरच्या शेजारी लाल तारका मी लावली. म्हणजे नंबर दिल्याशिवाय केसपेपर निघणार नाही. मला फार शहाणपणाचं वाटलं होतं ते, लॅबचा रिपोर्ट तयार झाला की मेसेज आपोआप जाणार! पहिल्या महिन्यात खिडकीवरच्या पोराने सरसकट दहा वेळा ९ टाकले, ते मी पकडलं आणि बंद केलं. मग एका गावच्या सत्तरेक पेशंटांवर एकच खरा नंबर दिसायला लागला. चौकशी केली, तर तो गावातल्या किराणा दुकानदाराचा. ज्यांच्याकडे फोन नाही ते त्याचा नंबर देत. चांगला माणूस होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला मेसेज वाचून दाखवायचा. एक दिवस त्यात एका लग्न न झालेल्या मुलीच्या लघवी तपासणीचा रिपोर्ट गेला.

पुढचं लिहीत नाही. दुकानदाराने काही वाईट केलं नाही, त्याने नेहमीसारखं वाचून दाखवलं. त्या मुलीचं शिक्षण त्या वर्षी थांबलं. तारका काढायला मला अर्धं मिनिट लागलं.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. तुम्हाला तो शिकवतील, कलमं पाठ होतील, परीक्षेत गुण पडतील. पण 'संमती' हा शब्द वाचताना तो किराणा दुकानदार डोळ्यांसमोर ठेव. आणि एक काम आजच कर. तुझ्या फोनमध्ये उपकेंद्राच्या रजिस्टरचे फोटो अजून असतील. टेकाडावर जाऊन एंट्री करायची म्हणून काढलेले. सगळ्यांच्या फोनमध्ये असतात. पुसून टाक.

पायथॉनचं सांगतो. ते सोडू नकोस, पण आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा, पक्कं कर. दोन-अडीच महिने रोज तासभर दिला तर येतं, आणि दवाखान्याच्या सॉफ्टवेअरच्या मागे जे असतं ते बहुधा टेबलांचंच असतं. आईंचं एक टेबल, बाळांचं दुसरं, दोन्ही जोडायची. कोणत्या आईला बाळ सापडलं नाही ते काढायचं. हे तू रजिस्टरवर बोट ठेवून केलंच आहेस. एखाद्या इंजिनिअरशी सौदा कर. त्याने तुला टेबलं जोडायचे जॉइन शिकवायचे, तू त्याला एएनसी म्हणजे गरोदरपणातली तपासणी कशी असते, हाय रिस्क कशाला म्हणतात, तिसरा डोस चुकला तर काय करतात हे शिकवायचं. सौद्यात तो फायद्यात राहील, पण असू दे. आणि डॉक्टर मंडळींकडे बघून बुजू नकोस. बीडीएस करून इकडे आलेलं माणूसही घरी हाच प्रश्न ऐकत असतं: डेंटिस्ट होतास, हे काय काढलंस?

त्यानंतर प्रमाणकं, म्हणजे आजार आणि तपासण्या सगळीकडे एकसारख्या लिहायच्या ठरलेल्या पद्धती. इथे मी थोडा रेंगाळतो, कारण मुलांना हा विषय रटाळ वाटतो आणि सगळी गंमत इथेच आहे. सिकलसेलचं घे, तुझ्या भागातला रक्ताचा आनुवंशिक आजार. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. गावात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्या टेस्टवर कळत नाही. त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी करावी लागते. आता कोणी ॲपमध्ये 'सिकलसेल: पॉझिटिव्ह / निगेटिव्ह' असा एकच रकाना केला, तर ज्याला बहुधा आयुष्यभर काही होणार नाही तो आणि ज्याला उद्या क्रायसिसमध्ये, म्हणजे वेदनांच्या तीव्र झटक्यात, ॲडमिट करावं लागेल तो, दोघं एका ओळीत बसले. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत यांना वेगळे कोड आहेत. क्रायसिस नसलेल्या सिकलसेल ॲनिमियाला डी५७.१, वाहकाला डी५७.३.

तुझ्या २२ हजारांच्या नोकरीचं उत्तर इथेच आहे. मेडिकल कोडर डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून डी५७.३ टाकतो. ॲपमध्ये डी५७.१ आणि डी५७.३ यांना वेगळी जागा आहे का, आणि ती भरण्याआधी एचपीएलसीचा रिपोर्ट उपकेंद्रापर्यंत पोचतो का, हे बघणं म्हणजे इन्फर्मॅटिक्स. कोडिंग हलकं काम नाही. नर्सिंग झालेल्या मुलीला ते चांगलं जमतं, कित्येक घरं त्यावर चालतात. पण ते बहुतेक अमेरिकी विम्याच्या बिलांचं काम असतं, आणि यंत्राने करून घ्यायचा रेटा या कामावर बराच आहे. म्हणून अर्धी डिग्री सोडून जाऊ नकोस. घरात खरोखरच आजारपण निघालं, कापूस गेला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॉलेजात सेमिस्टर लांबवता येतं का विचारून मग जा. शिक्षणकर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, मधल्या काळात व्याज चढतं. तुझ्या मंजुरीपत्रात नेमकं काय आहे ते वाच. सव्वाचार लाख म्हणजे घाबरून पळावं एवढी रक्कम नाही.

घाबरावं ते ३५ लाखांना. धुळ्यातल्या कन्सल्टंटला एवढंच विचार, की मी ॲडमिशन घेतली तर तुम्हाला विद्यापीठाकडून कमिशन किती? हा धंदा असाच चालतो, त्यात गुन्हा नाही, पण सल्ला कोणाच्या पैशाने मिळतोय ते माहीत असावं. दुसरं, एवढ्या कर्जाला बँक तारण मागेल, आणि शेतजमीन बहुतेक बँका शिक्षणकर्जाला तारण घेत नाहीत. म्हणजे कोणाचं तरी गावठाणातलं किंवा शहरातलं घर अडकणार. तिसरं, अमेरिकेत शिकल्यावर एक वर्ष काम करता येतं, आणि कोर्स त्यांच्या स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांच्या यादीत असेल तर आणखी दोन वर्षं. मेडिकल इन्फर्मॅटिक्सचा ५१.२७०६ हा अभ्यासक्रमाचा कोड त्या यादीत आहे, पण 'हेल्थ इन्फर्मॅटिक्स' या नावाखाली प्रत्येक विद्यापीठ आपला कोर्स त्याच कोडखाली चालवतं असं नाही. कन्सल्टंटला कोड विचार. गोंधळला तर चहा पिऊन उठ. जायचंच असेल तर इथे दोन-तीन वर्षं काम करून जा. तेव्हा तू कोणता प्रश्न घेऊन आली आहेस हे तुला सांगता येईल आणि कदाचित पैसेही दुसरं कोणी देईल.

पुण्यात आहेसच तर पुण्याचा फायदा घे. आरोग्य नोंदींच्या प्रमाणकांचं राष्ट्रीय केंद्र, एनआरसीईएस, पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे. स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा कोडसंग्रह, तो भारतात नोंदणी करून फुकट वापरता येतो, तो तिथूनच मिळतो. फायर (FHIR), म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोंदी पाठवायचं प्रमाणक, शिकताना जाडजूड पानं वाचत बसू नकोस. तुझ्या ओपीडीतली एक बाई घे आणि तिची एक भेट त्यात लिहून बघ: पेशंट, एन्काउंटर म्हणजे भेट, ऑब्झर्व्हेशन म्हणजे मोजलेली गोष्ट. रक्तदाब लिहिताना कळेल की वरचा आणि खालचा आकडा हे एकाच ऑब्झर्व्हेशनचे दोन भाग आहेत, आणि वरच्याला लॉइंक या तपासण्यांच्या कोडयादीत ८४८०-६ असा स्वतंत्र नंबर आहे. एक भेट पूर्ण लिहिलीस की बाकीचं आपोआप सुटतं.

डीएचआयएस-२ ही आरोग्याचे आकडे गोळा करायची प्रणालीसुद्धा शिक, ऑनलाइन कोर्स आहेत. त्याची गोष्ट मला आवडते. वर्णभेद संपल्यावर नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जिल्ह्या-जिल्ह्याच्या आरोग्य माहितीची जी धडपड सुरू झाली, त्यातून हे निघालं. आज ऑस्लो विद्यापीठ ते सांभाळतं. आकडे वर पाठवण्याआधी जिथे निघाले तिथल्या लोकांनी ते स्वतः वापरावेत, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे छत्तीसगडच्या गनियारी गावातल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्याच्या गरजेतून बहमनी (Bahmni) नावाची दवाखान्याच्या नोंदींची मुक्त प्रणाली उभी राहिली. तिथे कोड लिहिता आलाच पाहिजे असं नाही. स्क्रीनचं मराठी सुधारणारी, चुका शोधणारी, नर्सला कळेल असं माहितीपत्रक लिहिणारी माणसं त्यांना नेहमी कमी पडतात. सहा महिने तिथे हात लावलास तर मुलाखतीत दाखवायला काहीतरी असेल.

नोकरीच्या जाहिरातीत 'हेल्थ इन्फर्मॅटिक्स' शोधत बसलीस तर निराश होशील. आपल्याकडे ते नाव क्वचित छापतात. बिझनेस ॲनालिस्ट, इम्प्लिमेंटेशन, क्लिनिकल डेटा, प्रोग्राम मॅनेजर, एम अँड ई (देखरेख आणि मूल्यमापन), या नावांखाली शोध. मोठ्या हॉस्पिटलांचे आयटी विभाग, सॉफ्टवेअर कंपन्या, विम्याचे दावे हाताळणारे टीपीए, औषध चाचण्यांचा डेटा सांभाळणाऱ्या कंपन्या, आरोग्याच्या संस्था. एनएचएममध्येही (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) जिल्ह्याला डेटाची पदं असतात, पण अकरा महिन्यांचा करार काय असतो ते तुला मी सांगावं असं काही नाही. खान्देशातच राहायचं ठरवलंस तर पगार पुण्यापेक्षा कमी पडेल, हे लपवत नाही. मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, आणि पावरी-भिली बोलणाऱ्या पेशंटची नोंद नीट कशी घ्यावी हे सांगू शकणारं माणूस पुण्याहून आयात होणार नाही.

बायोडेटाचं काय, 'एमएस्सी हेल्थ इन्फर्मॅटिक्स' असंच लिही. आत्या म्हणतील 'एमएस्सी (कॉम्प्युटर)' लिहा, बरं दिसतं. लिहू देऊ नकोस. पहिल्याच नोंदीत चुकीचा रकाना भरलास तर मला तोंड दाखवू नकोस.

उरला प्रबंध. आत्तापासून विषय धर, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने अमुक रोगाचं भाकीत वगैरे नको. ते वर्गातले दहा जण करणार आहेत. तू रक्तदाबाचा शेवटचा अंक घे. काट्याच्या मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे नीट मोजलं तर शेवटी ०, २, ४, ६, ८ हे साधारण सारखे यायला हवेत, शून्याचा वाटा पाचवा हिस्सा. डिजिटल मशीनवर दहावा. शंभरातल्या सत्तर नोंदी शून्यावर संपत असतील तर त्यातल्या बऱ्याच नीट मोजलेल्या नाहीत, शून्यावर आणून किंवा अंदाजाने लिहिल्या आहेत. हे एक्सेलवरही काढता येतं. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घे, नावं आणि नंबर काढून टाकलेला डेटाच माग. केंद्रांची नावं प्रबंधात देऊ नकोस. आकड्यांवरून कोणाला नोटीस निघाली तर पुढच्या वर्षी तिथे तुला खरं कोणी सांगणार नाही.

नुसता आकडा काढून थांबू नकोस मात्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिंदखेड्याला येशील तेव्हा दोन दिवस काढून वर धडगावला जा. तुझ्या जागी आता जी सीएचओ आली असेल तिच्याकडे चहा घे, एखादी संध्याकाळ तिच्याबरोबर त्या टेकाडावर बस, आणि ती एंट्री करत असताना वही न काढता विचार, की मशीनचे सेल संपले तर सध्या कोण आणतं.